घड्याळजीच्या बोटांतल्या मुंग्या

माझे धाकटे दीर घड्याळं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान आहे. खिडकीशी टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, आणि भिंतीवर एकमेकांशी कधीच न जुळणारी घड्याळं. यातली खरी वेळ कुठली, असं कोणी विचारलं तर 'तुम्हाला सोयीची असेल ती' असं सांगून ते मोकळे होतात. आमचे हे गेल्यापासून मी याच घरात राहते, त्यामुळे त्यांचं काम रोज पाहते. केसाएवढी स्प्रिंग उचलताना ते श्वाससुद्धा जपून घेतात.

साठी उलटली तसा त्यांनी एक धसका घेतला. हात साथ देईनासे झाले तर? खरं तर कुठं काही दुखत-खुपत नव्हतं. भूक चांगली, झोप गाढ. पण एका गिऱ्हाइकाने सांगितलं की अमुक जीवनसत्त्वाने नसा बळकट होतात, आणि भाऊजींनी बाटली आणली. दुसऱ्याने दुसरी सुचवली. मग जस्त आलं, मॅग्नेशियम आलं. सुटे भाग ठेवायच्या खणांच्या डबीत ते गोळ्या लावून ठेवू लागले. माझी धाकटी जाऊ म्हणायची, "अहो, एखाद्या दिवशी घड्याळात गोळी बसवाल आणि स्क्रू गिळाल." ते हसायचे आणि गोळी घ्यायचे.

वर्षभराने त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. स्क्रू चिमट्यातून निसटायचा आणि आम्ही दोघी जावा गुडघे टेकून तो शोधायचो. भीती होती तेच झालं, असं समजून त्यांनी नसांची गोळी दुप्पट केली. मुंग्या वाढल्या. बारीक कामं ते परत पाठवू लागले. भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर करणंही त्यांनी सोडलं. शेवटी धाकटीने त्यांना दवाखान्यात नेलं. मलाही बरोबर घेतलं, कारण वहिनीसमोर त्यांना उडवाउडवी करता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या बाटल्या मागवून मागची बारीक अक्षरं वाचली. तीन बाटल्यांत एकच जीवनसत्त्व होतं, बी सिक्स. ते फार दिवस जास्त घेतलं तर नसांनाच इजा होते, असं त्यांनी समजावलं. रक्त तपासलं; कमतरता कशाचीच नव्हती, साखरही ठीक होती.

"ज्याला कमी पडतं त्याला मी स्वतः लिहून देते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट जेवता, तब्येत ठणठणीत. तुम्हाला यातून मिळण्यासारखं काही नव्हतंच."

"फायदा नाही झाला तरी तोटा कसला, असं वाटलं," भाऊजी पुटपुटले.

"चालत्या घड्याळात तेल ओतणाऱ्यांना तुम्ही काय काय ऐकवता ते सांगू का डॉक्टरांना?" धाकटी म्हणाली.

मग भाऊजींनाच सांगावं लागलं: जादा तेल पसरतं, धूळ धरतं आणि धडधाकट घड्याळ अडतं. बाई मनापासून हसल्या. भाऊजीही हसले, जरा उशिरा.

गोळ्या बंद झाल्या. मुंग्या मात्र सावकाश गेल्या. तोवर भाऊजींनी भिंतीवरची मोठी घड्याळं तेवढी हातात घेतली. परवा एक बाई नखाएवढं मनगटी घड्याळ घेऊन आल्या. न झालं तर राहू द्या, म्हणाल्या. भाऊजींनी भिंग लावलं आणि त्यांना बसायला सांगितलं. मी शेजारी चहा ठेवला, तो त्यांना दिसलाच नाही. बऱ्याच वेळाने घड्याळ त्या बाईंच्या हातात देऊन त्यांनी कप उचलला, आणि चहा पार निवला म्हणून घरभर ऐकू जाईल अशी कुरकुर केली. धाकटीने हसत नवा चहा टाकला.