घाटी वर का जाते?

दाढी करताना गळ्याशी आला की त्याचा वस्तरा गोगलगाय व्हायचा, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याचं नाव हळूभाऊ पाडलं होतं. "आता गिळू नका हं," तो बजावायचा. बजावलं रे बजावलं की समोरच्याला हमखास आवंढा यायचा, आणि गळ्याची घाटी टुणकन वर जाऊन खाली यायची. गिळलेलं तर खाली जातं, मग ही वर कशाला? पुष्कळांना विचारलं. "तू दाढी कर बाबा," एवढंच उत्तर.

मग त्याच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण पाण्याचा घोट घेतला की ठसक्याने जीव घाबरा व्हायचा. दही मात्र सुखरूप उतरायचं. हे काय गौडबंगाल?

दवाखान्यात गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आक्काच्या घाटीवर बोटं ठेवली. "गिळा." घाटी उठली, पण आळसावल्यासारखी, उशिरा.

हळूभाऊला राहवेना. "बाई, ही वर जाते तरी कशाला?"

"श्वासाची नळी पुढे, अन्नाची मागे. प्रत्येक घास श्वासाच्या दारावरूनच जातो. म्हणून गिळताना स्वरयंत्र वर सरकून जिभेच्या मुळाखाली दडतं, त्यावर झाकण पडतं, आतले स्वरतंतू मिटतात. तेवढ्यापुरता श्वासही थांबतो."

"झाकण म्हणजे पडजीभ?"

"पुष्कळांना तसंच वाटतं. पडजीभ वर लोंबते. हे झाकण खाली, जिभेच्या मुळाशी. आक्कांचं दार लागतं, पण उशिरा. पाणी पळपुटं, ते आधीच पोचतं. दही रेंगाळतं."

हळूभाऊने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळला. श्वास खरंच थांबला! पुन्हा गिळला. पुन्हा. शेवटी तोंडाला कोरड पडली.

"जन्मभर गिळतोय, पत्ताच नाही!"

"तुझं कौतुक पुरे. मला तहान लागलीय," आक्का करवादली.

बाईंनी पावडर घालून पाणी दाट केलं. त्यांनी आधी तपासून पाहिलं होतं, आक्काला हनुवटी छातीकडे झुकवली की सोपं जात होतं. तशीच झुकवून तिने एक चमचा घेतला. सगळ्यांचे डोळे तिच्या गळ्यावर. ठसका आला नाही.

"खळ प्यायल्यासारखं लागतंय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

रोजच्या व्यायामाने काही महिन्यांत घाटी वेळेवर उठू लागली. बाईंनी पुन्हा तपासून साध्या पाण्याला होकार दिला. आक्काने पेला उचलला, एकेक घोट करत रिकामा केला आणि भावापुढे धरला. "आणखी आण."