हेमंतचा डावा कान

हेमंत गेला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. तीन महिने त्याच्या कॉव्हेंट्रीच्या घरी राहून, फक्त दोन दिवसांसाठी, माझी औषधं आणि थंडीचे कपडे आणायला मी ब्रिस्टलला आले होते. परतताना बर्मिंगहॅमला गाडी बदलायची होती. फलाटावर पाय ठेवते तोच अ‍ॅनचा, माझ्या भावजयीचा, फोन आला. "ताई..." एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांत तिने शिकलेल्या मोजक्या मराठी शब्दांतला तो पहिला. पुढचं तिला बोलवेना आणि मलाही विचारावं लागलं नाही. कॉव्हेंट्रीची गाडी समोरच उभी होती. मी चढले नाही. बाकावर बसून ती जाऊ दिली. आता घाई कसली होती...

हेमंत माझ्याहून सात वर्षांनी लहान. बाबा पुण्याहून कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते, तो चार. माझं मराठी पुण्याचं राहिलं, त्याचं कॉव्हेंट्रीचं झालं. 'माझा कंबर दुखते' म्हणायचा, आई सुधारायची, तो हसायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा. शाळेत त्याच्या हातात कुणीतरी विकेटकीपरचे ग्लोव्हज दिले आणि पुढची वीस-बावीस वर्षं ते निघाले नाहीत. कौंटीच्या संघात निवड झाली तेव्हा त्याची बोटं रोज सुजलेली असायची. आई हळदीचा गरम लेप लावून द्यायची. ड्रेसिंगरूममध्ये सगळे त्याच्या पिवळ्या बोटांची टिंगल करत. मग एकदा त्यांच्याच फास्ट बोलरचा अंगठा सुजला आणि तो आमच्या स्वयंपाकघरात आईसमोर हात पुढे करून बसला!

इंग्लंडकडून खेळायची संधी त्याला कधी मिळाली नाही. पण त्याच्या कानांबद्दल सगळ्या कौंट्यांमध्ये आदर होता. बॅटची पुसटशी कड लागली तरी त्याला ऐकू यायचं, आणि ऐकू आलं नाही तर तो अपील करायचा नाही. बाकीचे दहा जण ओरडत असताना हा स्टंपांमागे गप्प. यावरून कॅप्टन एकदा भर मैदानात त्याच्यावर भडकला. घरी येऊन हेमंत मला म्हणाला, "मला आवाज नाही आली ताई, मग मी कसा ओरडू?" पुढे गुडघे गेले, कौंटीने नवीन करार दिला नाही. वर्षभर तो कुणाशी धड बोलत नव्हता. मग अंपायरिंगची परीक्षा दिली आणि पुन्हा मैदानावर उभा राहिला. खेळाडू त्याच्यावर सहसा चिडत नसत. हेमने नाही म्हटलं म्हणजे नसेलच, असं म्हणत.

आता जे लिहायचंय ते लिहिताना हात थांबतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला तो माझ्याकडे आला होता. चकली मोडता मोडता म्हणाला, "ताई, डावीकडची आवाज लांबून येते." मी म्हटलं, "अरे, साठी आली तुझी. मळ असेल, कोमट तेल घाल." तो हसला. मीही हसले. आणि विषय तिथेच संपला.

पुढच्या सीझनच्या शेवटच्या सामन्यात एका बोलरने बॅटची कड लागून झेल गेल्याचं जोरदार अपील केलं. तेहेतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, करार संपत आलेला. हेमंतने मान हलवली... नॉट आउट. त्या बॅट्समनने शतक काढलं, सामना गेला आणि महिन्याभरात त्या बोलरला कौंटीने मोकळं केलं. तेवढ्या एका विकेटने ते टळलं असतं की नाही, कोण सांगणार? हेमंतने मात्र घरी लॅपटॉपवर तो बॉल पुन्हा पाहिला. अ‍ॅनने मागून विचारलं, "हे आउट नाही दिलंस? केवढा आवाज आला!" मैदानात त्याला तो आला नव्हता. त्याने हेडफोन लावले आणि उजव्या कानावरचा बाजूला केला. डाव्या कानात काहीच नव्हतं. ना बॅट, ना बॉल, ना ओरडणारी माणसं.

स्कॅनमध्ये डोक्यात गाठ निघाली. अंपायरिंग त्याने त्याच आठवड्यात सोडलं. ऑपरेशनच्या आधी मात्र तो माझ्याकडे ब्रिस्टलला आला, कारण तो बोलर तिथून जवळच राहायचा. गाडी मी चालवली. बोलरने दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. हेमंत पायरीवर उभा राहून इंग्रजीत म्हणाला, "तू बरोबर होतास. मला ऐकू येत नव्हतं. ते मला आधी कळायला हवं होतं." आजाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. "आता सांगून काय उपयोग, हेम?" बोलर म्हणाला आणि त्याने हळूच दार लावलं. गाडीत बसल्यावर मी चिडून काहीतरी बोलायला गेले, तर हेमंत म्हणाला, "नको ताई. त्याची राग बरोबर आहे."

ऑपरेशन झालं, पण गाठ पुरती गेली नाही. फ्युनरलला तो बोलर आला होता. शेवटच्या बाकावर बसला. बाहेर पडताना माझा हात त्याने दोन्ही हातांत घट्ट धरला.

वर्ष आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. हेमंतनेही मला ते दहादा सांगितलं. 'दिवाळीचं विसर ग,' म्हणायचा. मी विसरले नाही. विसरणारही नाही.

शेवटच्या महिन्यांत अ‍ॅन आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याच्या उजव्या हाताला बसायचो, एकमेकींना खेटून, म्हणजे त्याला आमचं बोलणं ऐकू यावं. परवा मी पुन्हा कॉव्हेंट्रीला गेले. अ‍ॅनने चहा केला. टेबल सगळं रिकामं होतं, आणि आम्ही दोघी त्याच एका बाजूला, कोपराला कोपर लावून बसलो होतो. लक्षात आलं तेव्हा अ‍ॅनने माझ्याकडे पाहिलं. सरकलं मात्र कुणीच नाही...