मी कापलेलं शेपूट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीतल्या मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर आलं की माझी हिंमत होत नाही.

मी नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात वायरलेस रिसिव्हर बनवतो. बघणारे म्हणतात, किती साधी रचना आहे! मी हसतो, मान डोलावतो. त्यामागची युक्ती आज पुस्तकात मिळते, मान्य. पण मला ती पुस्तकातून कळली नाही. मला ती वैशालीनं शिकवली.

वैशाली माझ्या वर्गातली, नाशिक रोडची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट एकत्र होता. काय दिवस होते ते — एका मिसळीवर दोनदा रस्सा मागायचा, कॅन्टीनवाल्याची बोलणी खायची आणि पुन्हा लॅबमध्ये. रेडिओचं सामान आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून एका कॉम्प्युटरला स्पीकर, दुसऱ्याला माइक, आणि मधल्या हवेतून आवाजाच्या रूपात एक फोटो पाठवायचा. गंगापूर धरणावर काढलेला, आम्हा सगळ्यांचा.

अडचण होती प्रतिध्वनीची. वैशाली म्हणायची, स्टेशनवर एकच घोषणा चार कर्ण्यांतून मागेपुढे येते आणि काही कळत नाही, तसंच आहे हे. जुनी पद्धत एकेक प्रतिध्वनी शोधून वजा करत बसायची. रिसिव्हर नुसता हिशेबाखाली दबून जायचा. तिनं वेगळाच विचार केला. तिच्या घरच्या टेपला बटणांची रांग होती, जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत एकेक वर-खाली करायची. सिग्नल तसाच वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडायचा, ती म्हणाली. प्रतिध्वनीनं प्रत्येक फ्रिक्वेन्सी थोडी दाबलेली किंवा सरकवलेली असते, एवढंच. प्रत्येकीला एकेका भागाकारानं जागेवर आणलं की झालं. हे सांगताना तिचे डोळे काय चमकायचे! आजही दिसतात मला.

फक्त एक अट होती. सिग्नलच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला त्याच्याच शेवटच्या भागाची नक्कल जोडायची. म्हणजे आधीच्या तुकड्याचे प्रतिध्वनी त्या नकलेत विरून जातात आणि भागाकार बरोबर बसतो. त्या नकलेला आम्ही 'शेपूट' म्हणायचो.

मी टाळतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळी, वैशाली यायच्या आधी, मी ते शेपूट कापलं. होतं त्यातलं जेमतेम टोक ठेवलं. का? फोटो यायला फार वेळ लागायचा आणि मला बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर भाव खायचा होता. तेच ते पुन्हा पाठवायचं कशाला, असं वाटलं मला. लॅबमध्ये एकदा चालवून पाहिलं, चाललं. लॅब लहान, सामानानं भरलेली. पण परीक्षा होती पत्र्याच्या छपराच्या मोठ्या हॉलमध्ये, उघड्याबोडक्या भिंतींच्या. तिथे प्रतिध्वनी किती लांबतील, हा विचारच केला नाही.

पडद्यावर फोटो आलाच नाही, नुसता चिवडा आला. वैशाली पुन्हा पुन्हा चालवून बघत होती. आणि मी? मी पुढे होऊन जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम लावला. चेहरे धुरकट आले, पण ओळखू येत होते. आमचे प्रोजेक्टचे सर माझ्यावर खूश झाले, पर्याय तयार ठेवला म्हणून. तिला म्हणाले, कागदावर सगळंच सोपं असतं.

तेव्हा मला कारण ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण दुपारी हॉल रिकामा झाल्यावर मी शेपूट परत पूर्ण केलं आणि एकट्यानंच चालवलं. फोटो स्वच्छ आला. वैशाली त्यात हसत होती, ओढणी वाऱ्यावर उडालेली.

ती बाहेर पायरीवर बसली होती. मनात गणित तपासत होती का रडत होती, मी पाहिलं नाही — खरं म्हणजे पाहायचं नव्हतं. मी दुसऱ्या दारानं गेलो. सांगितलं असतं तर काय झालं असतं? सरांनी कौतुक काढून घेतलं असतं, एवढंच. ते मला हवं होतं. मला ते फार आवडलं होतं, हेही सांगून टाकतो. पुढच्या शिक्षणाची शिफारस सरांनी माझी केली. तिनं अर्जच केला नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती अचानक भेटली, नाशिक रोडलाच. बळेच घरी घेऊन गेली. आता बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. जुन्या आठवणी निघाल्या, मिसळ निघाली, सर निघाले, आम्ही पोट धरून हसलो. मला वाटलं, आता सांगावं. तेवढ्यात तिची मुलगी येऊन बसली. तिला इलेक्ट्रॉनिक्सलाच जायचंय, डोक्यात नवनवीन कल्पना, आणि आई म्हणते साधी पदवी घे.

"अगं, मीपण एकदा अशीच हुशारी करायला गेले होते," वैशाली तिला म्हणाली. "भर परीक्षेत तोंडावर पडले. माझं गणितच कच्चं होतं. विचार याला, हा होता तिथे."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तेच डोळे, तशीच चमक. ती वाट बघत होती, मी नाही म्हणेन म्हणून.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आई बरोबर सांगतेय, बेटा."