माझ्या टेबलावरचा डोंगर

मी बारामतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, राहते कोऱ्हाळ्यात. माझे ब्रश टेकवायला तळहाताएवढा हिरव्या जेडचा डोंगर आहे, कॉलेजातल्या मैत्रिणीनं चीनहून आणून दिलेला. तीन शिखरं, मधल्या खाचांत ओले ब्रश ठेवायचे. अंगावर कोरलेल्या पायऱ्या, वर इवलंसं छप्पर, आणि पायऱ्या चढणारा गव्हाएवढा म्हातारा. तिकडचे जुने पंडित म्हणे सरकारी कामाला विटले की आपल्या खोलीत बसत. कागद, शाई, ब्रश आणि हातात फिरवायला असा एखादा दगड, बास. जेड छिन्नीला दाद देत नाही, वाळूनं घासून घासूनच कोरावा लागतो. आणि माणसाचा हात लागत राहिला तरच त्याला तकाकी येते. मला हे फार आवडलं. युरियाच्या पोत्यांशेजारी मीही तसं एक टेबल मांडलं.

एकदा इंदापूरला माहेरी जाऊन आले, तर ब्रश आडवे पडलेले आणि डोंगर गायब. तो देव्हाऱ्यात होता, भंडाऱ्यानं पिवळाधमक.

"अगं, जेजुरीचा गड हाय ह्यो," सासूबाई म्हणाल्या. "पायऱ्या बघ की. तुला कळलंच न्हाय व्हय?"

मला हसू आलं. खंडोबा आमचं कुलदैवत, त्यांचा भाव खरा. म्हटलं, राहू दे थोडे दिवस. तिथंच माझं चुकलं. दर रविवारी भावकीतल्या बायका भंडारा घेऊन येऊ लागल्या आणि माझे ब्रश चहाच्या कपात उभे राहून वाकडे झाले.

मग माझी पाळी आली. देव्हाऱ्यापुढून जाताना सवयीनं डोंगराकडे हात गेला.

"शिवू नगंस!" सासूबाई ओरडल्या. "चार दिस लांब ऱ्हा."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच हातानं चकाकलेला दगड, आणि त्याला माझाच विटाळ? मी तो उचलला, मोरीत नेला आणि जुन्या टूथब्रशनं पायऱ्यांतली हळद खरवडून काढली.

"एवढ्याशा दगडापायी आईला दुखावतीस?" नवरा म्हणाला.

"दगड होता तवर मला कुणी अडवलं न्हाय."

"आमी बसलोच की बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "आमचं काय अडलं?"

"तुमी बसलात, आत्या. मी न्हाय बसणार."

दोन दिवस त्या माझ्याकडं पाठ करूनच वावरल्या. वाईट वाटलं, पण डोंगर टेबलावरून हलवला नाही.

रविवारी बायका आल्या. सासूबाईंनी तोंड फिरवून नुसतं माझ्या टेबलाकडं बोट केलं. मी चित्र काढत होते.

"या," मी म्हणाले. "भंडारा नगं. हात लावा, हातानंच चकाकतो ह्यो. कुणीबी लावा, कवाबी."

सगळ्या जागच्या जागी थबकल्या. कुणी पदर सारखा केला, कुणी सासूबाईंकडं बघितलं. मग मघापासून उंबऱ्याबाहेरच उभी असलेली एक नवी सून आत आली. अंगठ्यानं एकेक पायरी चाचपत राहिली. जाताना माझ्या कानाशी वाकली.

"बाई, आज माझा दुसरा दिस हाय."