जालिंदरचा बुटका ओटा

आमच्या वाडीत गॅसची टाकी शिराळ्याहून टेम्पोनं येते. शेगडी जोडायला, नळी बदलायला आणि तपासणी करायला मात्र जालिंदर येतो. पंचावन्नच्या आसपासचा, बारीक चणीचा माणूस. मोटरसायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी लटकत असते. तिच्यात पाना, रबरी वायसर आणि साबणाच्या पाण्याची बाटली. वीसेक वर्षं तो डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांवर हेच काम करतो आहे. आपण काही सांगण्यासारखं केलं, असं त्याला स्वतःला वाटत नाही. मी एक प्रसंग जवळून पाहिला, तो जमेल तसा सांगतो.

जालिंदरचे वडील कोंडीबा आमच्या आळीत यायचे तेव्हा अंगणात उभे राहून बोलायचे. जालिंदर सरळ चुलीपाशी जातो, कारण त्याचं कामच तिथं असतं. सुरुवातीला एक-दोन घरांनी त्याला सांगितलं होतं, टाकी दारातच ठेव. तो म्हणाला होता, "ठेवतो की. पण जोडायची तुमी. आन वास आला तर मला हाक मारू नगा." मग त्याला आत बोलावलं. त्या एक-दोन घरांतलं एक आमचं होतं.

जालिंदरचा एक नियम सगळ्या वस्त्यांना पाठ आहे. शेगडी टाकीपेक्षा उंच पाहिजे. आमच्याकडच्या बायका चुलीपुढं बसून स्वयंपाक करत आलेल्या. गॅस आला तेव्हा पुष्कळ घरांत शेगडीही जमिनीवरच आली आणि शेजारी टाकी उभी राहिली. जालिंदर अशा घरात गेला की तांब्याभर पाणी मागून घ्यायचा आणि टाकीच्या बुडाशी ओतायचा. पाणी पसरत शेगडीपर्यंत जायचं, तिथून बसलेल्या बाईच्या पायापर्यंत. "गॅस धुरावानी वर जात न्हाई," तो सांगायचा, "असा खाली पसरतो. दिसत न्हाई एवढंच."

हे सांगण्यामागं एक कारण होतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी नवी कनेक्शनं भराभर दिली जात होती. पलीकडच्या वस्तीवरच्या रंगुबाईंनी तेव्हा त्याला गळ घातली, "जोडून दे, पंधरा दिसांत ओटा बांधते." त्यानं शेगडी जमिनीवरच जोडून दिली आणि कागदावर 'ओटा आहे' असं लिहून सही केली. ओटा झाला नाही. पावसाळ्यात एकदा वायसर खराब होऊन गॅस झिरपला. रंगुबाईंनी काडी ओढली आणि लुगड्याचा काठ पेटून दोन्ही पाय भाजले. दोन महिने त्या बाजेवर होत्या. चौकशीला माणसं आली तेव्हा रंगुबाईंनी चूक आपलीच सांगितली. जालिंदर अजून त्या वाटेनं गेला की त्यांच्याकडं डोकावल्याशिवाय पुढं जात नाही.

मनुबाई माझ्या शेजारी राहतात. मी त्यांना मनुवहिनी म्हणतो. वय सत्तरीच्या पुढं, एकट्याच. मुलगा सयाजी पलटणीतून निवृत्त होऊन इस्लामपुरात नोकरी करतो, तिथंच त्यानं फ्लॅट घेतला आहे. मागच्या वर्षी वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, धुरापुढं बसायचं नाही. चूल बंद म्हणजे गॅस आला. गॅस म्हणजे ओटा आला, आणि ओटा म्हणजे उभं राहणं. वहिनींचे गुडघे तर पाच मिनिटं तग धरत नाहीत.

सयाजीनं फोनवर सांगून टाकलं, "रविवारी गाडी घेऊन येतो. आता तू हितं माझ्याकडंच. फायनल."

वहिनींनी मंगळवारी जालिंदरला बोलावलं. मी ओसरीवर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"शेगडी खाली जोड, जालिंदर. मी बसून करीन."

"न्हाई जमायचं, आक्का."

"मग उभी ऱ्हाऊन करू? ह्या गुडघ्यांवर? एक भाकरी शिमग्यापातूर हुईल बघ."

"आवं पण टाकी दोन फुटाची हाय. शेगडी तिच्या वरच पायजे."

"टाकी खड्ड्यात पूर की मग!"

"खड्ड्यात तर गॅस साठूनच ऱ्हाईल. तुमी मला जेलात घालताय."

"तुला न्हाई रं, मला घालायलेत. तिसऱ्या मजल्यावर." हे त्या हळू बोलल्या. "तिथं दार लावलं की झालं. माणूस बघायला मिळत न्हाई. ऑपरेशनला म्हैना काढलाय मी."

जालिंदर पिशवी उचलून निघून गेला. मला वाटलं, विषय संपला.

तो गुरुवारी पुन्हा आला आणि येताना मोटरसायकलला बांधून पाच किलोची लहान टाकी घेऊन आला. जेमतेम दीड फूट उंच. "ऑफिसात इचारून आलोय," तो म्हणाला. "मोठीच्या जागी ही मिळती. टाकी बुटकी, तर ओटाबी बुटका चालंल. आक्का, तुमी बसूनच करायचं, फकस्त जमिनीवर न्हाई."

त्याला विटा हव्या होत्या. माझ्या परड्यात न्हाणीच्या कामातल्या उरल्या होत्या. त्या देतो म्हणायला मला दुपार झाली. कोणी मागितल्या नव्हत्या, आणि आपण मध्ये पडावं का, हे कळत नव्हतं. तोवर त्यानं दोनदा रस्त्यावर जाऊन विटा कुठं मिळतील ते विचारलं होतं. शेवटी मी पाटीत भरून नेऊन ठेवल्या. तो एवढंच म्हणाला, "बरं झालं, दादा. अजून धा आणा."

त्यानं लगेच माती कालवली नाही. विटा नुसत्या रचून दोन खांब केले, मध्ये गुडघ्यांना जागा ठेवली आणि वर मागच्या दारची धुण्याची फरशी टाकली.

"आन मी धुणं कुठं धुऊ?"

"सयाजीला लावा धुवायला. पलटणीत शिकलाय."

मग फरशीवर काठवट ठेवून वहिनींना स्टुलावर बसवलं आणि पीठ मळायला सांगितलं. विटांचे दहा थर होते. वहिनींचे खांदे कानाला लागले. भाकरी थापता थापता फाटली. त्यानं फरशी उतरवून एक थर काढला. दुसरीही फाटली. आठ थरांवर तिसरी भाकरी अर्धी गोल झाली आणि एका बाजूला जाड राहिली.

"अजून एक थर काढ," वहिनी म्हणाल्या.

जालिंदरनं टाकी आणून खांबाला लावली, तिच्यावर रेग्युलेटर ठेवून दाखवला. सातव्या थराला तो टेकत होता. "आठच्या खाली मी येणार न्हाई."

"मग न्हाई जमत. ऱ्हाऊ दे." वहिनींनी हात झटकले. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. "साठ वर्षं जमिनीवर बसून थापल्यात. हाताला बी सवय असती बाबा."

जालिंदर त्यांच्या कोपरांकडं बघत होता. मग तो म्हणाला, "ओटा खाली येणार न्हाई, आक्का. तुमालाच वर घेतो." त्यानं कोपऱ्यातलं घोंगडं चौपदरी करून स्टुलावर घातलं. वहिनी कुरकुरत बसल्या. चौथी भाकरी काठवटीत फिरली. हात थांबला नाही, भाकरी गोल गोल फिरत मोठी होत गेली. वहिनी तिच्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फिरली की रं."

त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी दिवसभर त्यानं तो ओटा पक्का बांधला. स्टुलावर घोंगड्याच्या जाडीची फळी ठोकली. भिंतीत जमिनीलगत वीतभर भोक पाडलं, झिरपलाच तर गॅस बाहेर जावा म्हणून. "उंदरांची सोय केलीस," वहिनी म्हणाल्या. त्यानं भोकाला जाळी मारली.

रविवारी अकराच्या सुमाराला सयाजी आला. ओटा बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय खेळण्यातलं? आय, चल, कपडे भर."

"जेवून निघू," वहिनी म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

जालिंदर तपासणीचा कागद घेऊन आला होता. सयाजीनं त्याला विचारलं, "आन काय झालं तर? गॅरंटी कोण घेणार?"

"मी सही करतो."

"सही काय, कुणीबी करतं."

"खरं हाय," जालिंदर म्हणाला. "मी बी एकदा केलीया खोटी. पल्याडच्या वस्तीवर रंगुबाईचे पाय बघून या. त्यानंतर मी बघितल्याबिगर सही करत न्हाई."

हे त्यानं आमच्यादेखत कधी बोलून दाखवलं नव्हतं. सयाजी जरा थबकला. मग स्वतःच खाली बसला. साबणाचं पाणी घेऊन त्यानं नळीचे दोन्ही सांधे भिजवले, बुडबुडा येतो का ते बराच वेळ बघितलं. पट्टीनं टाकी मोजली, ओटा मोजला. जाळीला हात लावून वारा लागतो का पाहिलं. आईला उठायला लावलं, पुन्हा बसायला लावलं. त्या ओट्याला धरून उठल्या, धरून बसल्या.

"लई परेड घिऊ नगंस," त्या म्हणाल्या. "तवा तापलाय."

जालिंदर आणि सयाजी शेजारी शेजारी जेवायला बसले, मलाही बोलावलं. सयाजीनं तीन भाकरी खाल्ल्या. हात धुताना तो म्हणाला, "रोज सांजच्याला फोन करायचा, आय. न्हाई केलास तर तवाच गाडी काढीन."

"करीन."

जालिंदरनं कागदावर सही केली आणि पिशवी उचलली. त्याला अजून दोन वस्त्या करायच्या होत्या.

साडेचारला सयाजी एकटाच परत निघाला. त्यानं अंगणातून हाक मारली, पण वहिनी दारापर्यंत आल्या नाहीत. त्यांनी आतूनच "नीट जा रं" म्हटलं. शेगडीवर दूध होतं.