शापात करवत नव्हती

निमगाव केतकीच्या अलीकडे, इंदापूरच्या रस्त्याला आमचा एक वड होता. आमचा म्हणजे साऱ्या धनगरवाड्याचा. गोष्ट अशी की, दुष्काळात कुणा मेंढक्यानं थकून काठी जमिनीत रोवली आणि मेंढरं पाणी पिऊन येईपर्यंत तिला पालवी फुटली. मेंढक्याची काठी वडाची कशी, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठीत धपाटा घातला होता. मेंढका मरताना म्हणाला म्हणे, याला जो कुऱ्हाड लावील त्याच्या घरी पाळणा हलणार नाही. सरपणालासुद्धा कुणी त्याची फांदी तोडत नसे.

नव्वदच्या दशकात आमची मेंढरं गेली, ऊस आला. आबा दुपारचे मात्र वडाखालीच. मी शिकून रस्त्याच्या कामांच्या कचेरीत कारकून झाले. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि तोडायच्या झाडांची यादी माझ्याच टेबलावर आली. आबांना म्हटलं, गावाचा अर्ज द्या. ते हसले.

"अर्ज कशाला? कुऱ्हाड लावायची हिंमत कुनात हाय?"

खरंच कुणात नव्हती. तोडणाऱ्यांच्या दोन टोळ्या गोष्ट ऐकून परत गेल्या. साहेबांनी मला विचारलं, भानगड काय आहे? मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. वाटलं, घाबरतील. त्यांनी यादी पुढे ओढली.

"म्हणजे शाप कुऱ्हाडीला आहे. करवतीला नाही ना?"

"नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. मग जीभ चावून काय उपयोग!

चौथ्या दिवशी करवतवाले आले. गाव अडवायला म्हणून जमलं होतं. पण करवत बघून एक तात्या म्हणाले, "कुऱ्हाड तर न्हाय लावली. मग आपल्याला कसला दोष?" सगळे सुटल्यासारखे झाले, काही जण तर बुंध्याला दोरही बांधू लागले. मला त्यांचा संताप आला, पण बोलायला तोंड कुठं होतं? वाट मीच दाखवली होती.

आबा जागचे हलले नाहीत. शापाशिवाय त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतंच. भुसा पायाशी येऊन पडत होता तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "करवतीचं कुनाच्या डोक्यात आलं आसंल गं? तू हापिसात आसतीस, तुला ठावं आसंल."

"न्हाय ठावं, आबा," मी म्हटलं.

त्यांनी ते खरं मानलं.