त वरचं जपानी गाणं

गाण्यांच्या भेंड्यांत मला आजवर कुणी हरवलेलं नाही. ही फुशारकी आहे, पण फुशारकी मारण्याजोगं माझ्याजवळ दुसरं फारसं काही नाही, तेव्हा ऐकणाऱ्यानं गोड मानून घ्यावं. सावेडीतल्या आमच्या कॉलनीचं हळदीकुंकू असो की नेवाशाला निघालेली सहलीची बस, समोरच्या गटावर 'ठ' नाहीतर 'ढ' कसा ढकलायचा, हे माझ्या डोक्यात दोन गाणी आधीच शिजत असतं. संसारात एवढं डोकं चालवलं असतंस तर, असं आमचे हे म्हणतात. पुढचं बोलत नाहीत, कारण चहा मीच करते.

आमची एकुलती एक लेक जपानी शिकायला पुण्याला गेली, तिथून नोकरीला जपानला गेली आणि नवरा तिथलाच निवडून मोकळी झाली. मुलगा मला व्हिडिओ कॉलवरच पसंत पडला. हिनं आमटी दाखवली की तो वाकून वाकून बघायचा. असा माणूस वाईट नसतो. माझा जीव अडकला होता त्याच्या आईत. त्याला वडील नव्हते आणि लग्नानंतर तिघं एकाच घरात राहणार होती. माझी पोर तापानं फणफणली, रुसली, ऑफिसातून दमून आली, तर दार उघडणार ती ही बाई. सोनईला दिली असती तर डबा घेऊन दुपारच्या एसटीनं गेले असते. इथं तर विहिणीला 'माझ्या लेकीला सांभाळा' एवढं म्हणायचीही सोय नव्हती, कारण आमच्या दोघींत एकही भाषा सारखी नव्हती.

लग्न नगरलाच करायचं ठरलं. हळदीच्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर वरपक्ष विरुद्ध वधूपक्ष भेंड्या व्हायच्या, ही आमच्या घरची जुनी रीत. पण वरपक्षात जावई आणि त्याची आई, दोनच माणसं. ती काय मुकी बसवायची? मी लेकीला विचारलं, त्यांची अक्षरं तरी कशी असतात. ती म्हणाली, अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, असंच चालतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. ही तर आपल्या बाराखडीच्याच माहेरची मंडळी निघाली. तिकडे म्हणे लोक खोली भाड्यानं घेऊन माइकवर गाणी म्हणतात आणि गाणं शोधतात ते पहिल्या अक्षरावरून. शब्दांच्या भेंड्याही असतात, आणि 'न' वर संपणारा शब्द ज्याच्या तोंडून जाईल तो बाद. आमच्याकडे हा नियम लावला तर निम्मी कॉलनी पहिल्या फेरीत उठून जाईल.

मग मी कामाला लागले. त्यांची गाणी आपणच शिकायची, अक्षरावार, म्हणजे डाव चालला असताना त्यांच्या अक्षरावर त्यांचंच गाणं आपल्या तोंडून यावं. बाई खूश होईल आणि मनात म्हणेल, या घरची मुलगी आपण नीट सांभाळली पाहिजे. माझा हिशेब इतका सरळ होता. लेकीला सांगितलं असतं तर तिनं मदत केली असती, पण मला तिलाही चकित करायचं होतं. मोबाईलवर एकेक अक्षर घालून मी गाणी शोधली. 'र' साठी फार पायपीट झाली, त्यांच्यात 'र' वरून निघणारी गाणी अगदी थोडकी. शब्द देवनागरीत लिहून कागद फ्रिजच्या दारावर लावले आणि कुकरच्या शिट्ट्यांवर पाठ केले. निवड करताना दोनच गोष्टी बघितल्या, पहिलं अक्षर कुठलं आणि चाल संथ आहे ना, दम पुरेल ना. अर्थ बघायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. भेंड्यांत अर्थ बघत बसणाऱ्यावर भेंडी चढते, हे मी जन्मभर शिकले होते.

हळद उतरली, गच्चीवर सतरंज्या पडल्या. जावयानं तिकडून छोटा स्पीकर आणि माइक आणला होता. विहीणबाई बारीक चणीच्या, करड्या केसांच्या, खुर्ची नको म्हणून आमच्यात मांडी घालून बसलेल्या. त्यांच्या गटाला आम्ही शेजारणी उसन्या दिल्या होत्या. डाव रंगला, आणि एका शेजारणीनं गाणं सोडलं ते नेमकं 'त' वर. 'त' वरची मराठी गाणी माझ्याकडे पोत्यानं आहेत. पण मी उठले, माइक घेतला, मोबाईलवर नुसत्या सुरावटीचा ट्रॅक लावला आणि त्यांचं गाणं सुरू केलं.

टाळ्या पडल्या. मी फुलून आले. दुसऱ्या कडव्याला डोळे उघडून बघते तर जावई पायांच्या बोटांकडे बघत होता आणि विहीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला होता. लेक उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "आई, थांब. हे शाळा सोडून जाताना म्हणतात. लग्नात त्यांच्याकडे तुटण्याचा, निरोपाचा शब्दसुद्धा काढत नाहीत. अशुभ मानतात."

सुरांनी माणूस जोडायला निघाले होते आणि लेकीच्या हळदीला अशुभ बोलून बसले. ट्रॅक आपला वाजतच होता. तेवढ्यात सोनईच्या माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना कशाचंच वाईट वाटत नाही, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "निरोपाचं गाणं हाय, तर मंग बिघडलं काय? लेक चाललीय न्हवं घर सोडून? आमी तर पाठवणीला ढसाढसा रडतो."

विहीणबाईंनी मुलाला विचारलं, काय म्हणाल्या त्या. त्यानं माझ्या लेकीला विचारून सांगितलं. आपल्याकडे मुलगी निघताना सगळे उघड रडतात, आईला तर कुणी अडवतही नाही, हेही सांगितलं असावं. त्या रुमाल खाली घेऊन माझ्याकडे वळल्या. मग हळू आवाजात बोलू लागल्या आणि माझी लेक एकेक वाक्य मराठीत करून देत गेली.

"माझ्या लग्नात माझी आई दिवसभर हसत होती. आमच्याकडे तसंच असतं. मी निघाले तेव्हाही ती काही बोलली नाही. मला कायम वाटत आलं, हिला माझ्या जाण्याचं काहीच वाटलं नाही. आता तुमचा चेहरा बघितला." पुढचं वाक्य लेकीला सांगता येईना. ते जावयानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, माझ्या आईचाही आतला चेहरा असाच असणार.

खरं सांगायचं तर गाताना माझा चेहरा दुसऱ्या कडव्याचे शब्द आठवण्यात अडकला होता. ते मी त्या वेळी सांगितलं नाही. पण हे ऐकल्यावर डोळ्यांतून जे घळाघळा आलं ते खरं होतं. लग्न ठरल्यापासून मी अक्षरं जमवत होते, रडायला फुरसत काढलीच नव्हती. विहीणबाई उठल्या, गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं आणि माझा हात धरून गायल्या. मीही गायले, चुकतमाकत. जाऊबाई म्हणाल्या, लई ग्वाड गळा हाय. त्यानंतर भेंड्या पुढे सरकल्याच नाहीत. माझा तेवढा एकच डाव अर्धा राहिला आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाबाहेर पुण्याची गाडी उभी राहिली. मी मनसोक्त रडले. लेकीनं सासूला आपली एक रीत सांगून ठेवली होती, की निघताना आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत. त्यांना ते फार पटलं होतं. शब्दांना त्याही भितात आणि आपणही भितो. गाडीत बसण्याआधी त्या माझ्यासमोर कमरेत वाकल्या, मग सरळ झाल्या, माझ्या लेकीचं मनगट धरून वर केलं आणि घोकून ठेवलेलं मराठी बोलल्या, "हिला घेऊन येते."

पाहुण्यांचं बोलणं, म्हणून मी ते मनात ठेवलं, फार भरवसा ठेवला नाही. दिवाळीला त्या खरंच आल्या. पहाटे फाटकाशी गाडी थांबली, लेक उतरली, तर तिच्या अंगात कुणाचा तरी करडा, बाह्या आखूड होणारा स्वेटर. मागून विहीणबाई उतरल्या, नुसत्या पातळ शर्टवर, हात चोळत. गाडीतला एसी काही केल्या बंद होईना, म्हणून त्यांनी पुण्यापासून आपला स्वेटर हिला घालायला लावला होता. मी घरात धावत जाऊन माझी शाल आणली आणि त्यांच्या खांद्यांवर टाकली.